मास्तरीणबाईंचं बी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. बायकांचे कपडे शिवण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात दुसरा कुणी नव्हता. दुकान जिन्याखालचं, उंच माणसानं मान वाकवूनच आत यावं असं. एक मशीन, एक कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री, आणि दाराशी स्टुलावर मास्तरीणबाई. माप बाईंनी घ्यायचं, कापड मास्तरांनी कापायचं, काज-बटण आणि तुरपाई पुन्हा बाईंनी. चौतीस वर्षं दोघं एकमेकांपासून दोन हातांवर बसले. बोलणं बेताचंच. निम्मं मशीनच्या आवाजात बुडायचं आणि उरलेलं तोंडातल्या टाचण्यांमुळे नीट बाहेर पडायचं नाही.

चार वाजले की बाई चष्मा डबीत घालायच्या, "येते हं," म्हणायच्या आणि निघायच्या. पाण्याच्या मोठ्या टाकीमागची पडीक जागा वाफे पाडून लोकांना लावायला दिलेली होती. चाळीसेक वाफे, मधून विटांच्या वाटा, एक सामाईक नळ आणि अवजारांची पत्र्याची खोली. त्यातला एक वाफा बाईंचा. वीस वर्षं त्या रोज तिथे गेल्या, आणि वीस वर्षांत मास्तर एकदाही गेले नाहीत. राग नव्हता, कंटाळाही नव्हता. जाऊ की कधीतरी, असं चाललं होतं. भोपळा घरी आला की ते म्हणायचे, "मोठा आहे की यंदाचा." झालं, तेवढंच.

मग एका थंडीच्या शेवटी बाईंना न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत त्या गेल्या. आजारपण म्हणावं एवढाही वेळ मिळाला नाही. लेक दूरच्या शहरातून आली तेव्हा सगळं उरकलं होतं.

महिन्याभरानं टाकीवरचा पंपवाला दुकानाच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, वाफा सोडणार असाल तर सांगा. यादीत पुढचा माणूस थांबलाय."

मास्तर बाही जोडत होते. मान वर न करता म्हणाले, "सोडणार नाही."

पंपवाल्यापेक्षा त्यांनाच जास्त नवल वाटलं. रात्री जेवायला बसल्यावर त्यांच्या मनात आलं, आपण कधीतरी यावं असं तिला वाटत असेल का? बैल गेला नि झोपा केला, ते आपल्यासारख्यांसाठीच कुणीतरी म्हणून ठेवलंय.

स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर बियांचा डबा होता. आत कागदाची पुडी, तिच्यावर बाईंच्या अक्षरात दोन शब्द: गोल भोपळा. मास्तरांनी अख्खी पुडी वाफ्यात ओतली आणि वरून माती सारली. किती बी कुठे पडलं, हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

शेजारचा वाफा एका निवृत्त नर्सबाईंचा होता. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. हॉस्पिटलच्या लांबलचक वॉर्डात हाका मारून कमावलेला आवाज, आणि मास्तरीणबाईंची वीस वर्षांची मैत्री. आठ दिवसांनी कोंबांची दाटी बघून त्या म्हणाल्या, "मास्तर, हे पेरलंय की वाळत घातलंय?"

त्यांनीच विरळणी केली. उपटलेली रोपं मुठीत धरून मास्तर उभे राहिले. "हिचं बी आहे हो हे," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. माझ्याकडचे वेलही तिच्याच बियांचे. पण एका वेलाला दोन हात जागा लागते, त्याला तुम्ही-मी काय करणार?"

दाटी काढण्याच्या भरात वाफ्याचं एक टोक रिकामंच पडलं. तिथे मास्तरांनी बाजारातून भोपळ्याची दोन-तीन तयार रोपं आणून लावली. त्यातल्या एकाची पानं आखडलेली, चुण्या पडलेली होती. एखाद्याची जातच तशी असेल, असं समजून त्यांनी सोडून दिलं.

वेल पसरले, पिवळी फुलं आली, आणि एका सकाळी खालच्या पानांवर पांढरे ठिपके दिसले. मास्तरांना आधी वाटलं, आपल्याच बोटांचा खडू लागला. शिंप्याची बोटं ती, खडूनं माखलेलीच असायची. दुसऱ्या दिवशी ठिपके बटणाएवढे झाले होते आणि चार दिवसांत पानं पिठात लोळवल्यासारखी दिसायला लागली. मास्तर धावतच सिस्टरांकडे गेले.

"भुरी," सिस्टर लांबूनच म्हणाल्या. "तुम्ही रोज संध्याकाळी पानांवर पाणी मारता ना? मी पाहिलंय. मुळाशी घाला, आणि सकाळी."

"वरच्या पानांवरही आहे. हे बघा, शिरांच्या फाट्यात रुपेरी."

"पुसा बोटानं."

मास्तरांनी पुसलं. रुपेरी जागा तशीच राहिली.

"ती नक्षी. पुसलं गेलं तर रोग, नाही गेलं तर वेलाचं रूपच तसं. खालची फार माखलेली पानं काढा, पिशवीत बांधून बाहेर टाका, खताच्या खड्ड्यात नको. बाकीच्यांवर एक वाटी दूध नऊ वाट्या पाण्यात घालून फवारा. कडक ऊन असताना, आठवड्यातून एकदा. हे सगळं मी तिच्याकडूनच शिकले."

"ती काय बोलायची इथे?" मास्तरांनी विचारलं.

सिस्टरांनी जरा आठवून पाहिलं. "फारसं नाही. मीच बोलायचे. ती ऐकायची आणि पानं उलटून बघायची."

भुरी आटोक्यात आली. मास्तरांच्या अंगात कधी नव्हे तो उत्साह आला. मापांच्या जुन्या वहीची मागची पानं त्यांनी भोपळ्याच्या पानांना दिली. ब्लाउजची कटोरी आखावी तशी काटेकोर चित्रं: भुरीचं पान, केवडा रोगाचं पान, ज्यावर शिरांच्या चौकटीत अडकलेले पिवळे चौकोन आणि मागच्या बाजूला दमट सकाळी धरणारी करडी बुरशी, करप्याचं, मध्ये भोक पडलेलं. चार वाजले की दुकानाची फळी लावून ते टाकीमागे जात. लहान कापांसाठीची आठ इंची कात्री खिशात असे. दोन महिन्यांत लोक विचारायला लागले, "मास्तर, जरा आमचं पान बघता?" मास्तर बघत, आजारी पान देठाजवळ तिरकं कापत, काय करायचं ते सांगत आणि पुढच्या वाफ्यात जात. पंपवाला म्हणायचा, मास्तरांच्या हाताला गुण आहे. ते ऐकून मास्तर कात्री खिशात ठेवायला उगाच जरा वेळ लावत.

त्या साली अकरा भोपळे झाले. मोसमाच्या अखेरीला वाफ्यात तांबडे भुंगेरे फार झाले होते, पण भोपळे तोपर्यंत पिकत आले होते, म्हणून मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. सुटीत लेक आली तेव्हा दोघांनी मिळून बी काढलं, धुतलं, गॅलरीत वाळवलं. आई गेल्यानंतर बापलेक इतका वेळ एका जागी पहिल्यांदाच बसले होते. लेकीनं सहा टपोऱ्या बिया निवडल्या. "माझ्या गॅलरीत मोठं पिंप आहे. लावून बघते." जाताना तिनं ती पुडी पर्समध्ये न ठेवता हातातच धरली होती.

दुसऱ्या साली वेल जोमात आले. सिस्टरांचेही आले. मग मास्तरांच्या दोन वेलांच्या शेंड्यांची पानं फिकट दिसू लागली. भुरी नव्हती, पुसून पाहिलं. केवडा नव्हता, उलटून पाहिलं. गडद हिरव्यात फिकट हिरवे डाग, जणू विटलेलं कापड, आणि पानांना फोड आल्यासारखे फुगे. मास्तरांनी वहीत शोधलं. असं चित्र नव्हतं. त्यांनी ठरवलं, खत कमी पडतंय. खत घातलं. आखडलेले शेंडे कापले, म्हणजे नवे चांगले फुटतील. ते कापून झाले की नेहमीसारखी फेरी: सिस्टरांचा वाफा, पंपवाल्याच्या बायकोचा, पलीकडचे सगळे. कुठे जुनं पान काढ, कुठे वाळका देठ.

तीन आठवड्यांत अकरा वाफ्यांतल्या भोपळ्याची पानं आखडली. नवी पानं तर बुटाच्या नाडीसारखी अरुंद यायला लागली. धरलेल्या लहान भोपळ्यांवर चामखिळी उठल्या. लोक मास्तरांकडेच यायचे, आणि मास्तर पुन्हा कात्री काढायचे.

शेवटी त्यांनी चार पानं ओल्या कागदात गुंडाळली आणि बस बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाचं शेतीखात्याचं ऑफिस गाठलं. तिथे पानं तपासणाऱ्या बाई वयानं त्यांच्या लेकीएवढ्या होत्या. त्यांनी पान भिंगाखाली धरलं, तुकडा कुटून त्याच्या रसात कागदाची एक बारीक पट्टी उभी केली आणि दोघं वाट बघत बसले, तेवढ्यात मास्तरांनी अकरा वाफ्यांची हकीकत सांगितली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"मोझॅक आहे," बाई म्हणाल्या. "विषाणू. याला औषध नाही, काका. वेल उपटायचे."

"किती?"

"लक्षणं दिसतात ते सगळे. आणि त्यांना लागून असलेलेही."

"आला कुठून?"

"बियांतून येऊ शकतो. शंभरात पाच-सात बिया रोगी निघतात, कोणत्या ते बाहेरून कळत नाही. पुढे भुंगेरे पसरवतात. पण एका महिन्यात अकरा वाफे म्हणजे..." त्या थांबल्या. "आजारी पानं कशानं कापता तुम्ही?"

"कात्रीनं."

"एका वेलाचं कापून झालं की धुता का ती?"

मास्तरांचा हात खिशातल्या कात्रीवर गेला. मग म्हणाले, "भुरीसाठी कधी धुवावी लागली नाही."

"भुरी वाऱ्यानं जाते. हा रसातून जातो. कात्रीला, हाताला, नखाला लागून." मास्तरांचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "पुष्कळांना माहीत नसतं, काका. जुनं बी असेल शिल्लक, तर पुढच्या वर्षी ते वापरा."

"नाही," मास्तर म्हणाले. "मी सगळं पेरलं."

परतीच्या बसमध्ये त्यांना बाजारातलं ते चुण्या पडलेलं रोप आठवलं, मग भुंगेरे, मग गॅलरीत वाळत घातलेलं बी. उतरायचा थांबा कधीच मागे गेला होता. दोन थांबे पुढे उतरून ते चालत आले, आणि घरी न जाता आधी टाकीमागे गेले.

सिस्टर वेलाला काठीचा आधार बांधत होत्या.

"सिस्टर, तुमचे वेल मी मारले," मास्तर म्हणाले.

"काय झालं?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. पट्टी, दोन रेघा, कात्री. कुठलीही गोष्ट वगळली नाही. सिस्टर सुतळी हातात तशीच धरून ऐकत राहिल्या.

"तुमच्याकडे तिचं जुनं बी?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमच्याकडे?"

"मी साठवत नाही. दरवर्षी ताजं धरावं, हे तिचंच सांगणं." मग बोलू की नको अशा आवाजात त्या म्हणाल्या, "वीस वर्षांत तिनं वेलाला कात्री लावली नाही. नखानं खुडायची. आणि प्रत्येक वेलाआधी नळावर जाऊन साबणानं हात धुऊन यायची. मी हसायचे तिला. म्हणायचे, अगं, ऑपरेशन करणार आहेस का? मला वाटायचं, खोड आहे."

मास्तरांनी नळाकडे पाहिलं.

"मला तेव्हा तुम्हाला सांगायचं सुचलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण तुम्ही एकदा जरी इथे आला असतात ना, मास्तर, तरी तुमच्या डोळ्यांनी बघितलं असतंत."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

पुढचे दोन दिवस मास्तर एकेका वाफ्याच्या मालकाला गाठून सांगत हिंडले. काहीजण म्हणाले, असू दे, चालायचंच. एकानं तोंड फिरवलं. पंपवाल्याच्या बायकोनं विचारलं, "एवढं कळत नव्हतं तर डॉक्टरकी कशाला करायची?" मास्तर म्हणाले, "खरं आहे." तिलाच मग ओशाळल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी वेल उपटले. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं तसंच: मुळासकट उपटायचे, ओढत न्यायचे नाहीत, जागच्या जागी पोत्यात भरायचे; आजूबाजूचं काकडीच्या कुळातलं तणही काढायचं; शेवटी हात आणि अवजारं साबणानं धुवायची. मास्तरांनी दहा वाफ्यांतले वेल स्वतः काढले. सिस्टरांनी त्यांना आपल्या वाफ्यात येऊ दिलं नाही. "माझे मी काढते," म्हणाल्या. ही मोठमोठी पिवळी फुलं वेलांना अजून होती आणि त्यांत मधमाश्या शिरत होत्या. मास्तर एकेक माशी बाहेर पडेपर्यंत थांबायचे, मग वेल उपटायचे. स्वतःच्या वाफ्याशी ते सगळ्यांत शेवटी आले. मुळं सहज सुटली. भोपळ्याची मुळं इतकी उथळ असतात, हे त्यांना तेव्हा कळलं. घरी येऊन गेल्या साली धरलेलं, डब्यात उरलेलं बीही त्यांनी चुलीत घातलं. शंभरातल्या त्र्याण्णव बिया चांगल्या असतील, हे ठाऊक असूनही घातलं. कोणत्या त्र्याण्णव, ते त्यांना विचारायचं तरी कुणाला?

आता लेकीला सांगणं राहिलं होतं. दोन वेळा नंबर लावून त्यांनी फोन ठेवून दिला. तिसऱ्यांदा तिनंच केला.

"बाबा, तुमचा मिस कॉल. बरे आहात ना?"

"आहे. वेल कसे आहेत तुझे?"

"मस्त. सहापैकी दोनच बिया रुजल्या पिंपात. एकाला फूल येईल आता." तिच्या आवाजात आईचा आवाज होता, फोनवर तो जास्तच जाणवायचा. "रोज सकाळी चहा घेऊन तिथेच बसते मी."

"शेंड्याची पानं कशी आहेत? नीट बघून सांग."

ती गॅलरीत गेल्याचं ऐकू आलं. "हिरवी आहेत. मध्ये मध्ये फिकट. जरा गोळा झाल्यासारखी. ऊन जास्त लागतंय का?"

मास्तर कॉटवर बसले. "दुसऱ्या वेलाचीही?"

"हो, दोन्ही सारखीच. मागच्या आठवड्यात मी दोघांचे शेंडे खुडले ना, म्हणजे फांद्या फुटतील म्हणून. तुम्हीच सांगितलं होतंत."

मग त्यांनी तिला सांगितलं. इथले सगळे उपटले, सिस्टरांचेही, बी जाळलं, हेही सांगितलं. तिच्याकडच्या रस्त्यावरचा हॉर्न फोनमधून ऐकू येत राहिला.

"म्हणजे आईचं बी आता फक्त हे," ती म्हणाली.

"हो."

"आणि हे आजारी."

"हो गं."

"मी नाही उपटणार, बाबा. तिसऱ्या मजल्यावर कुणाचा वेल आहे इथे? कुणाला लागणार?"

मास्तरांनी खूप विचार केला. वेल एखाद्या आजारी माणसासारखा महिना-दोन महिने जगेल. फूल येईल, कदाचित एखादं फळही. "राहू दे," ते म्हणाले. "पण त्याला लावलेला हात दुसऱ्या कुंड्यांना लावू नकोस. आणि बी धरायचं नाही. एकही नाही. कुणी मागितलं तरी द्यायचं नाही."

"मग राहिलं काय?" लेकीनं विचारलं, आणि ती रडायला लागली. आई गेली तेव्हा ती माणसांच्या गर्दीत रडली होती. आता एकटीच रडत होती, आणि मास्तरांना ते सगळं ऐकावं लागलं. त्यांना म्हणायचं होतं, माझं चुकलं. ते त्यांनी म्हटलं. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.

तिच्या वेलाला एक फळ धरलं, मुठीएवढं, आणि पिकायच्या आधीच ते गळून पडलं. तिनं ते कळवलं आणि मग वेलाबद्दल दोघं पुन्हा बोलले नाहीत. फोन मात्र दर रविवारी येत राहिला.

टाकीमागे सगळ्यांनी मिळून ठरवलं, दोन वर्षं भोपळा, काकडी, दोडका काही लावायचं नाही. मास्तरांनी वाफा सोडला नाही. त्यांनी घेवडा लावला. घेवड्याची आवड त्यांना नव्हती आणि मास्तरीणबाईंनाही नव्हती. शेंगा ते पंपवाल्याच्या घरी देऊन यायचे.

सिस्टर चार महिने फक्त मान हलवायच्या. पाचव्या महिन्यात एकदा नळावर गाठ पडली. मास्तर हात धूत होते. कोपरापर्यंत साबण, नखांत ब्रश, आपल्याच वाफ्यातल्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाण्याआधी. घेवड्याला याची काही गरज नव्हती. सिस्टरांनी बादली खाली ठेवली आणि त्यांचं होईपर्यंत थांबल्या.

"माझ्या टोमॅटोच्या पानांवर काहीतरी आलंय," त्या म्हणाल्या.

"मला नका विचारू, सिस्टर. ऑफिसचा पत्ता देतो. बाई चांगल्या आहेत तिथल्या."

"पत्ता द्या. पण आधी बघून तर घ्या."

मास्तर त्यांच्या मागोमाग विटांच्या वाटेवरून गेले. वाफ्याच्या कडेला उभे राहिले, ओले हात पाठीमागे बांधले आणि वाकून पाहू लागले. सिस्टरांनीच मग पान उलटून धरलं.